आधी छप्पर, मग एक कोरडी खोली: जुन्या घरात राहून दुरुस्ती करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीपासून दूर असलेले, सुमारे शंभर वर्षांचे, दगड-मातीच्या जाड भिंतींचे आणि कौलारू छपराचे घर तुम्ही घेतले आहे. तुम्ही दोघे आणि चार वर्षांचा मुलगा पुढच्याच महिन्यात तिथे राहायला जाऊन राहता राहता दुरुस्ती करणार आहात. भिंतींना खालून ओल आहे, एका कोपऱ्यात तडा आहे, आणि जुना गिलावा पूर्ण काढून सिमेंटचा गिलावा व काँक्रीटची जमीन करून देतो, असे ठेकेदाराने सांगितले आहे. सुरुवात कुठून करावी आणि सगळे एका दमात उरकावे की टप्प्याटप्प्याने, असे तुम्ही विचारले आहे.

गेली 24 वर्षे मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामे करत आलो आहे, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत मालक आत राहत असतानाच काम चालले होते. त्या अनुभवावरून वाटते की तुमची खरी अडचण वेगळीच आहे. घराची माहिती सर्वांत कमी असते त्या पहिल्याच महिन्यात सर्वांत मोठे निर्णय घेतले जातात. गिलावा एकदा खरवडला, भिंत एकदा पाडली, जमीन एकदा काँक्रीटने बंद केली की मागे फिरता येत नाही. म्हणून माझे सांगणे असे की पाणी, वीज आणि आधार या तीन गोष्टींकडे ताबडतोब लक्ष द्या, एक खोली पूर्ण कोरडी करून तिच्यात राहा, आणि बाकीच्या घराला शक्यतो एक पूर्ण वर्ष हात लावू नका.

हे प्रत्येक घराला सरसकट लागू पडणार नाही, हे आधीच मान्य करतो. छपराची तुळई खचली असेल, वायरींवरचे आवरण गळून तारा उघड्या पडल्या असतील, पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल किंवा घरात कुणाला दमा असेल, तर राहायला जाण्याची तारीख पुढे ढकलावी. दोन-तीन महिने दुसरीकडे राहण्याचा खर्च वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करू नये. कुठे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नका, घासू नका आणि त्यांना भोके पाडू नका, कारण त्यांचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन तिथेच रुतून बसतात. ते उतरवण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे. तुमच्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही, म्हणून तुम्ही ठरल्याप्रमाणे राहायला जाणार असे धरून पुढे लिहितो.

पहिला पैसा छपरावर खर्च करा. 100 चौरस मीटर जागेवरच्या छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,000 लिटर पाणी उतरते. त्यातले शंभर लिटरमागे एक लिटर जरी आत आले, तरी एवढ्याशा पावसात 20 लिटर पाणी लाकडात, माळ्यावर आणि भिंतीच्या माथ्यात मुरते. दगड-मातीच्या भिंतीला माथ्यातून पाणी लागणे फार वाईट, कारण आतल्या आणि बाहेरच्या दगडांमधली मातीची भरण हळूहळू विरघळून खाली बसते, आणि भिंत वरून धड दिसत असतानाच आतून पोकळ होत जाते.

छप्पर समजून घ्यायचे तर पाऊस चालू असतानाच विजेरी आणि खडू घेऊन माळ्यावर चढा. थेंब जिथे पडतो ती बहुधा गळतीची जागा नसते. पाणी कौलाखालून वाशावर येते, वाशाच्या पोटावरून खाली सरकत एखाद्या खिळ्याशी किंवा गाठीशी अडते आणि तिथून टपकते. वाशावरचा ओला माग विजेरीने वर वर पाहत जा, आणि तो जिथे सुरू होतो तिथे खडूने खूण करून तारीख लिहा. एका घरात मी गेलो तेव्हा सात ठिकाणी बादल्या मांडलेल्या होत्या, आणि तीन पावसांनंतर खडूच्या खुणा दोनच निघाल्या, त्यांतली एक आढ्यावरच्या कोन्यांची आणि दुसरी छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीची. संपूर्ण छप्पर नवे करायला निघालेल्या त्या कुटुंबाचे काम कोने पुन्हा बसवून, पन्हळ बदलून आणि नीट शाकारणी करून भागले.

त्याच फेरीत तुळयांची भिंतीत शिरलेली टोके तपासून घ्या. तुळई सहसा मध्ये कुजत नाही. भिंतीत गेलेले टोक ओल धरते आणि तिथे वारा लागत नाही, म्हणून कुजण्याची सुरुवात तिथे होते. पातळ पेचकस टोकाजवळ टेकवून अंगठ्याने दाबून पाहा. धड लाकडात तो एक-दोन मिलिमीटर शिरून अडतो. कुजलेल्या लाकडात तो ओल्या भुशात जावा तसा दोन-तीन बोटे आत जातो, आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला तपकिरी, चौकोनी ढलप्यांत तुटणारा चुरा लागलेला दिसतो. असे टोक सापडले तर त्याच दिवशी त्या तुळईखाली धिरा द्या आणि मगच पुढचा विचार करा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, त्यामुळे पाणी येण्याची वाट न अडवता नुसते औषध फवारणे व्यर्थ आहे. टोकापुरते कुजलेले लाकूड कापून तिथे नवे जोडता येते, त्यासाठी सबंध तुळई काढावी लागत नाही, आणि हे काम जाणणारा सुतार मिळेपर्यंत धिऱ्यावर थांबलेले बरे.

छपरानंतर जोत्याभोवती हिंडा. शंभर वर्षांत अंगणात माती साचत जाते, कुणी फरशी घालते, कुणी झाडांचे वाफे भिंतीला लागून करते, आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या बरोबरीला किंवा वर येते. अशा वेळी भिंत जमिनीत रुतल्यासारखी होते आणि तिची ओल कोणत्याही गिलाव्याने थांबत नाही. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली जाईल इतकी काढा, आणि भिंतीपासून दूर, मीटरमागे 5 सेंटिमीटर या प्रमाणात उतार द्या. मात्र पाया उघडा पडेल इतके खोल खणू नका, कारण जुन्या घरांचे पाये पुष्कळदा उथळ असतात. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडत असेल तर पन्हळी लावून ते दूर सोडा. हे काम फावड्याचे आणि घामाचे आहे, ते कुणाला दाखवण्यासारखे नसते, आणि तरीही ओलीवरचा याहून स्वस्त व खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता ठेकेदाराच्या सूचनेकडे वळतो, कारण तुमच्या घराचे पुढचे पन्नास वर्षांचे आरोग्य त्यावर ठरणार आहे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 साली घेतले, पण ते गावोगावच्या गवंड्याच्या हाती पोहोचायला पुष्कळ काळ जावा लागला. त्यामुळे तुमच्यासारखी घरे माती आणि चुन्यातच उभी राहिली. त्या बांधकामाची रीत अशी की भिंतीत थोडी ओल येणार हे गृहीतच धरलेले असते, आणि ती ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाफेच्या रूपाने बाहेर जाण्याची सोय असते. सिमेंटचा गिलावा कठीण आणि दाट असल्याने ही वाट जवळजवळ बंद करतो. पाणी जमिनीतून येतच राहते, त्याला सुकायला पृष्ठभाग मिळत नाही, मग ते सिमेंटच्या मागून वर चढते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही मालकाच्या आग्रहाला मान देऊन अशा एका भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून दिला होता. पहिले वर्ष ती भिंत सुरेख दिसली. दुसऱ्या वर्षी गिलाव्याच्या वरच्या कडेला, जिथे आधी कधीही ओल नव्हती, तिथे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या लाकडी चौकटीचा तळ मऊ पडला. गिलावा ठोकून पाहिला तर तो ढोलासारखा वाजला, आणि काढला तेव्हा त्याच्या पाठीला दगडांच्या सांध्यांतली माती ओल्या चिखलासारखी चिकटून आली. ती भिंत पुन्हा चुन्यात आणायला मला मूळ कामाच्या तिप्पट वेळ लागला. त्या घरचे लोक माझ्याशी चांगले वागले, पण ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावायला मी ठाम नकार देतो.

तुमच्या भिंतीवर पूर्वी कुणी सिमेंट किंवा ऑइलपेंट लावलेला असेल तर तो आधी काढावा. पण तो जिथे सैल आहे तिथूनच सुरू करा, कारण घट्ट धरलेला थर छिन्नीने ओढताना दगडांचे पापुद्रे निघतात. त्यानंतर लगेच नवा गिलावा करू नका. भिंत वाळायला दर 25 मिलिमीटर जाडीला सुमारे एक महिना, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे 45 सेंटिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष लागू शकते. भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल आणि वारा खेळता असेल तर ती लवकर वाळते. उघडी भिंत पाहत राहणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तोवर हवे तर तिच्यावर पातळ चुन्याची सफेदी द्या, कारण तिच्यातून वाफ जाते.

ओल नेमकी कुठली, याचीही शहानिशा करून घ्या. भिंतीवर हातभर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. पट्टीच्या खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ती ओल घरातल्या हवेची आहे, आणि भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतली. माणसांच्या श्वासाने, स्वयंपाकाने, आंघोळीने आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांनी घरातल्या हवेत दररोज कित्येक लिटर पाणी मिसळते, आणि थंड जाड भिंतीवर ते दव होऊन बसते. त्यावर उपाय खिडकी उघडण्याचा आणि कपडे बाहेर वाळवण्याचा. जमिनीतून चढणारी ओल मात्र सहसा मीटरभर उंचीपर्यंत थांबते. त्याहून वर डाग दिसला तर त्याचे कारण छपरात, पन्हळीत किंवा नळाच्या सांध्यात शोधा.

काँक्रीटच्या जमिनीबद्दल मला वाटणारी भीतीही याच कारणाने आहे. आज जमिनीची ओल सबंध खोलीभर पसरून हलकेच उडून जाते. खाली प्लॅस्टिक अंथरून वर काँक्रीट ओतले की ती सगळी कडेला सरकते आणि भिंतींच्या पायथ्याशी वर येते. जमीन खचली असेल तर तेवढाच भाग उकरून, खाली खडी देऊन, वर चुन्याचा कोबा करता येतो.

कोपऱ्यातल्या तड्याविषयी मी तुम्हाला न पाहता निकाल देणार नाही. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून हलतो आहे, हे कळल्याशिवाय कोणीही देऊ नये. आत जुना रंग, कोळिष्टके आणि धूळ असेल तर तो बहुधा जुना, आणि कडा स्वच्छ व धारदार असतील तर नवा. तड्यावर दोन ठिकाणी काचेची पातळ पट्टी चुन्यात किंवा इपॉक्सीत आडवी बसवा आणि शेजारी तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. जोडीला तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा मारून त्यांच्यातले अंतर महिन्यातून एकदा मोजून लिहून ठेवा, म्हणजे हालचाल किती झाली हेही कळेल. तडा 5 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, वरच्या बाजूला रुंद होत जात असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर फुगलेली दिसत असेल, तर काच लावून वाट पाहत बसू नका. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला लगेच दाखवा, आणि तो येईपर्यंत त्या कोपऱ्यात मुलाचे अंथरूण घालू नका.

विजेबद्दल थोडक्यात. कापडी किंवा रबरी आवरणाच्या जुन्या वायरी असतील तर त्या जपून वापरण्याच्या भानगडीत पडू नका, सगळ्या बदला. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरवर तुटणारे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवा, कारण ओल्या भिंती आणि कामाची यंत्रे एकत्र आली की हाच एक भरवसा उरतो. नव्या वायरी सध्या भिंतीवरून पाइपातून न्या. भिंती वाळून गिलावा होईल तेव्हा त्या लपवता येतील.

आता राहण्याकडे येतो. घर दुरुस्त करताना सर्वांत आधी माणसे खचतात, हे मी वारंवार पाहिले आहे. एका कुटुंबाने उत्साहाच्या भरात तीन खोल्या एकदम उघडल्या. नऊ महिने त्यांच्याकडे दार लावून निवांत बसता येईल अशी एकही जागा नव्हती. पलंगावर चादरीऐवजी ताडपत्री असे, आणि मुलीच्या वह्यांच्या पानांमध्येही चुन्याची फक्की असे. काम चांगले चालले होते, पण माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. शेवटी मीच सगळे काम पंधरा दिवस थांबवले आणि गवंड्यांना एकच खोली पूर्ण करायला लावली.

म्हणून पहिल्या आठवड्यातच एक खोली निवडा. ती सर्वांत मोठी किंवा सुंदर असण्याची गरज नाही. तिचे छप्पर कोरडे असावे, तिला उघडणारी खिडकी असावी, आणि तिच्यातून वाट काढत कुणा कामगाराला दुसऱ्या खोलीत जावे लागू नये. तिच्या भिंती झाडून सफेदी द्या, दाराच्या फटी कापडी पट्ट्यांनी बुजवा, दाराबाहेर ओले पोते टाका आणि आत येताना पादत्राणे बाहेरच काढा. हत्यारे, पिशव्या, रंगाचे डबे, ‘फक्त आजच्यापुरते’ ठेवलेले सामान, काहीही त्या खोलीत येता कामा नये. तिच्या जोडीला चालू स्थितीतले एक शौचालय, आंघोळीची जागा आणि हात धुवून स्वयंपाक करता येईल असा एक ओटा, एवढे असले की माणूस वर्षभर तग धरू शकतो. त्यानंतर एका वेळी एकच खोली उघडा, आणि ती पूर्ण मिटल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. पूर्ण म्हणजे दाराची कडीसुद्धा बसलेली.

मुलगा लहान असल्याने आणखी तीन गोष्टी सांगतो. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शरीरातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तो रंग कोरडा घासू नका किंवा ज्योतीने जाळू नका. पाणी मारून खरवडा, ढलप्या गोळा करा, आणि त्या दिवशी मुलाला घराबाहेर ठेवा. दुसरे, कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे तयार मुरवलेला चुनाच आणा आणि तोही हातमोजे व चष्मा घालून हाताळा. तिसरे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल तर राहायला जाण्याआधी जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी बाहेरून आणा, कारण उकळल्याने जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही.

वर्षभर थांबा असे म्हटले, तर त्या वर्षात काय करायचे? घर वाचायचे. एका बाईंनी स्वयंपाकघराच्या दारामागे दोरीने एक वही टांगून ठेवली होती. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजेपर्यंत येते, वारा कुठून येतो, कोणते दार थंडीत सैल आणि पावसात घट्ट होते, संध्याकाळी घरातले सगळे आपोआप कुठे जमतात, असे त्या रोज एखाद्या ओळीत लिहीत. दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठे दालन करण्याचा त्यांचा बेत होता. आठ महिन्यांनी वही चाळताना लक्षात आले की ती भिंत दुपारचे ऊन पिऊन घेते आणि थंडीच्या रात्री मागच्या खोलीला ऊब देते. भिंत राहिली, फक्त तिच्यात जुन्या बंद केलेल्या दाराची चौकट पुन्हा उघडली. अशा घरात नुसती आडभिंत समजून पाडलेली भिंतही छप्पर वाकत गेल्याने कालांतराने भार घेऊ लागलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवा.

ठेकेदाराशी भांडण्याची गरज नाही. त्याला जे काम रोज करावे लागते तेच तो सुचवतो. त्याला विचारा की चुन्याचे काम त्याने कुठे केले आहे, आणि ते निदान दोन पावसाळे जुने काम प्रत्यक्ष जाऊन पाहा. मग बाहेरच्या एखाद्या कमी महत्त्वाच्या भिंतीवर एक मीटर लांब-रुंद नमुना करून घ्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड बनतो, म्हणून थर पातळ हवेत, मध्ये अवधी हवा, आणि पहिले काही दिवस त्यावर ओले कापड हवे. ज्या गवंड्याला घाई असते, त्याच्या नमुन्यावर आठवड्याभरात बारीक भेगांचे जाळे उमटते. करार खोलीनिहाय करा. हाताशी असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा कामाच्या हिशेबात धरूच नका, कारण जुने घर उघडल्यावर काय निघेल हे माझ्यासारख्यालाही आधी सांगता येत नाही.

तेव्हा पुढच्या महिन्याचा क्रम असा ठेवा: पाण्याची तपासणी, वीज, छपराची शाकारणी, तुळयांची टोके, मग ती एक खोली. जोत्याभोवतीची माती तुम्ही राहायला गेल्यावर सुटीच्या दिवशी दोघे मिळून काढू शकाल. काचेच्या पट्ट्या मात्र आजच जाऊन बसवून या, म्हणजे सामान हलवण्याच्या दिवसापर्यंत महिनाभराची नोंद हाती असेल. तड्याची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तिन्ही ठिकाणी मोजून कळवा, बाहेरच्या बाजूला त्याच उंचीवर तो दिसतो का तेही लिहा, आणि त्या कोपऱ्याजवळ पन्हळीचे पाणी पडते का किंवा मोठे झाड आहे का, हे पाहून ठेवा. त्यावरून त्या कोपऱ्याला राहायला जाण्याआधी टेकू द्यावा लागेल की नाही, याचा अंदाज मी सांगू शकेन.